जन्माचे शिक्के वाचणाऱ्या इंदूताई

इंदूताई उतेकरांसमोर कोणी हत्यार आणून ठेवलं की त्या आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या. देवळात प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसासारख्या टेबलाभोवती फिरायच्या, वाकायच्या, मान तिरकी करायच्या. आणणाऱ्याला घाई असायची. तो म्हणायचा, "ताई, हातात तर घ्या." त्यावर त्या म्हणायच्या, "घेईन. पण हातात घेतलं की माणसाला लोभ सुटतो. आधी लांबून बघू द्यात."

त्याच्याही आधी लायसन. लायसन दाखवल्याशिवाय त्यांनी कोणाची साधी ठासणीची बंदूकसुद्धा पिशवीतून बाहेर काढू दिली नाही. मग मालकाने स्वतः उघडून ती रिकामी असल्याचं दाखवायचं, आणि मग इंदूताई तेच पुन्हा स्वतः बघायच्या. एकदा एक मोठे अधिकारी दुखावले. "मी आत्ताच दाखवली की तुम्हाला." ताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, रिकामी आहे असं सांगितलेल्या बंदुकीनं मेलेली माणसं मी नोकरीभर बघितली. तुमच्यावर अविश्वास नाही. बंदुकीवर आहे."

माझा फोटो स्टुडिओ महाडच्या बाजारपेठेत. शेजारच्या गाळ्यात उतेकरांचं बंदुकीचं दुकान. इंदूताईंचे वडील, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं, पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावर असलेल्या एका वाडीतले. तरुणपणी मुंबईत बंदुकीच्या दुकानात कामाला होते. तिथे शिकले आणि परत येऊन महाडात दुकान टाकलं. रानडुकरांपासून भात राखायला वाड्यावाड्यांवर परवान्याच्या बंदुका असत. त्या दुरुस्तीला याच दुकानात येत. इंदूताई थोरल्या, विलास धाकटा. दोघंही त्या लाकडी फळीवर बसून, आकडे शिकायच्या वयात बंदुकीवरचे आकडे वाचत मोठी झाली.

तात्यांना लकवा झाला, उजवा हात गेला, तेव्हा इंदूताई कॉलेजात होत्या आणि विलास शाळेत. दुकानात कोणीतरी बसायला हवं होतं. विलास बसला. इंदूताई मुंबईला मावशीकडे राहून विज्ञान शिकल्या आणि पुढे सरकारी प्रयोगशाळेत हत्यारं तपासण्याच्या नोकरीत लागल्या. गोळी कुठल्या बंदुकीतून सुटली, नंबर खोडलाय का, हत्यार कारखान्यातलं की गावठी, हे कोर्टात उभं राहून सांगायचं ते काम. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर मुंबईत न थांबता पोलादपूरला दोन खोल्या बांधून राहिल्या. आठवड्यातून एकदा महाडला यायच्या, भावाच्या दुकानात बसायच्या, आणि फोटो हवे असले की माझ्याकडे.

पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातूनच विचारलं होतं, "तुमच्याकडे तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षराचा फोटो निघेल का?" मी तेव्हा लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढत होतो. म्हटलं, "बघू." त्यानंतर वर्षानुवर्षं मी त्यांच्यासाठी शिक्के, आकडे, मुकुट, बाण यांचे फोटो काढले. उजेड कुठून टाकायचा हे मला त्यांनीच शिकवलं. समोरून टाकलेल्या उजेडात शिक्का दिसतो. बाजूने, जवळजवळ आडवा टाकला तर तो कसा मारलाय ते दिसतं.

बुटक्या, पांढरे केस घट्ट बांधलेल्या, सुती साडीला खांद्यावर पिन, मनगटावर पुरुषी घड्याळ. गळ्यात काळ्या दोऱ्यात अडकवलेलं घड्याळजीचं भिंग. वाडीवरच्या बायका विचारायच्या, "ताय, ही कसली गो पोत?" त्या म्हणायच्या, "सरकारशी लगीन लागलंय ना माझं, त्याची." बोली त्यांच्या दोन. वाडीच्या माणसांशी हाय-नाय. वकील, पोलीस, डॉक्टर आले की शुद्ध पुस्तकी. पण राग आला की समोर कोणीही असो, बोलणं अतिशुद्ध व्हायचं. विलासदादा मला हळूच म्हणायचा, "ताई 'कृपया' म्हणाली की पळायचं."

एका दसऱ्याच्या आधीची गोष्ट. पुण्याचे एक गृहस्थ जुनी हत्यारं जमवायचे. सगळे परवाने चोख. त्यांनी मखमलीच्या पेटीतून एक इंग्लिश रिव्हॉल्वर आणलं होतं. काळंभोर, आरशासारखं. म्हणाले, "शंभर वर्षांचं आहे, आणि कारखान्यातून निघालं तसंच्या तसं." इंदूताई हात मागे बांधून फिरल्या. मग मला टॉर्च आडवा धरायला सांगितला.

"कारखान्यात आधी पॉलिश होतं, मग शिक्के मारतात, मग काळा रंग चढवतात," त्या म्हणाल्या. "म्हणून शिक्क्याची कड नखाला लागते. ही अक्षरं बघा. वापरलेल्या साबणावरच्या नावासारखी झालीत. कोणीतरी घासून नव्याने रंगवलंय. आणि गोळ्या भरायच्या या फिरकीवर नंबर आहे तो चौकटीवरच्या नंबराशी जुळत नाही. फिरकी दुसऱ्या रिव्हॉल्वरची."

"म्हणजे खोटं?"

"नाही. खरंच आहे, जुनंही आहे. फक्त तुम्ही म्हणताय ते नाही." आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य, "सगळं खोटं क्वचित भेटतं. अर्धं खरं रोज भेटतं."

त्याच वेळी दुकानात म्हादूआबा सकपाळ आले. पोलादपूरच्या डोंगरावरच्या वाडीतले, म्हशी आणि नाचणी यांवर जगणारे. मुलगे मुंबईत. आबांचे वडील फौजेत सुभेदार होते. लढाई संपल्यावर त्यांनी रीतसर विकत घेतलेलं रिव्हॉल्वर वारसाने आबांच्या नावावर होतं. ते वर्षातून एकदा दसऱ्याच्या पूजेआधी विलासदादाकडून साफ करून न्यायचे. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं ते रिव्हॉल्वर इंदूताईंनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

रंग कुठे कुठे उडून करडा झाला होता. दिसायला पुणेकरांच्या रिव्हॉल्वरसमोर काहीच नाही. इंदूताई बराच वेळ फिरल्या आणि मग मला म्हणाल्या, "या इकडे. हे बघून ठेवा." चौकटीवर, फिरकीवर, नळीखाली एकच नंबर. फिरकीतल्या गोळीच्या प्रत्येक घराशेजारी चाचणीचा बारका मुकुट. सैन्याच्या मालकीचा बाण, आणि त्याच्या टोकाला टोक लावून उलटा दुसरा बाण. म्हणजे सैन्याने हे स्वतः, कायद्याने, बाहेर विकलंय. एकाही स्क्रूची खाच चेंगरलेली नाही. "सगळे जन्माचे शिक्के," त्या म्हणाल्या. "आबा, तुमच्या बापानं हिला कधी कुणाच्या हातात दिली नाय."

पुणेकरांनी तिथल्या तिथे विचारलं, विकणार का. म्हादूआबांनी रिव्हॉल्वर परत फडक्यात गुंडाळलं. "बापाला कोन इकतं काय?" एवढंच बोलले आणि निघाले.

पुढे एका वर्षी आबांच्या परवान्याचं नूतनीकरण अडकलं. तोवर कायद्याप्रमाणे हत्यार दुकानात जमा करावं लागतं. आबांनी ते विलासदादाच्या ताब्यात दिलं. आणि त्याच पावसाळ्यात सावित्री नदी बाजारपेठेत शिरली.

महाडला पूर नवा नाही. पण त्या वेळी पाणी माळ्यापर्यंत गेलं. ओसरल्यावर माझ्या स्टुडिओत आयुष्यभराच्या फोटोंचा लगदा होता. शेजारी, दुकानात जमा असलेल्या बंदुका गाळात रुतलेल्या. त्यांना बांधलेल्या मालकांच्या नावांच्या चिठ्ठ्या वाहून गेलेल्या. घाटात दरडी होत्या. रस्ता मोकळा झाला त्या दिवशी इंदूताई ट्रकमधून उतरल्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचून, रॉकेलची बादली आणि दात घासायचे ब्रश घेऊन फळीवर बसल्या. एकेक बंदूक धुवायची, नंबर शोधायचा, मोठ्याने वाचायचा. विलासदादा परवान्याशी ताडून बघायचा. नांगरणीचे दिवस सोडून माणसं डोंगरातून चालत आली होती. ताई प्रत्येकाच्या हातात त्याचीच बंदूक देत होत्या. शिवथरकडची एक बाई मेलेल्या नवऱ्याची बंदूक न्यायला आली होती. ती म्हणाली, "नंबर मला नाय ठावं, पन दस्त्यावर त्याच्या दातांची खून हाय, रागात चावला हुता." ताई त्या चिखलात खळखळून हसल्या. त्यानंतर त्यांना तसं हसताना मी पाहिलं नाही.

"आबाची?" त्यांनी विचारलं होतं.

"गावली," विलासदादा म्हणाला. "घरी नेलीय. सावकाश साफ करतोय."

पुराने विलासदादा खचला होता हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. तास न् तास रिकाम्या फळीवर बसून राहायचा.

थंडीत आबांचा परवाना नवा होऊन आला. त्यांना रिव्हॉल्वर परत मिळालं. नवं काळं केलेलं, चकचकीत. गंज चढला होता म्हणून पॉलिश केलं, असं विलासदादाने सांगितलं. आबा घेऊन गेले, आणि थोड्याच दिवसांत परत आले. दुकानात न जाता माझ्याकडे, कारण इंदूताई माझ्याकडे बसल्या होत्या.

"बाय, बघ गो जरा. ही माजी नाय."

"कशावरून, आबा?"

"ता मला सांगता येत नाय. नंबर लायसनवरचाच हाय, पोरानं वाचून दाखवला. समदी मला म्हनतात, म्हातारा झालास, डोकं फिरलं. पन ही माजी नाय."

ताईंनी लायसन पाहिलं. रिकामं आहे का पाहिलं. हात मागे बांधून फिरल्या. मग पर्समधून स्टीलची पट्टी काढली आणि चौकटीवर नंबराच्या जागी उभी धरली. मला पलीकडून टॉर्च धरायला लावला. पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ आली. तिथला धातू खोलगट झाला होता. कानशीने आधीचा नंबर काढून टाकला होता आणि त्या खळग्यात नवा ठोकला होता. फिरकीवर नंबर नव्हताच, ओरखडे होते. टोकाला टोक लावलेले बाण कुठेच नव्हते.

"फोटो काढा," त्या म्हणाल्या. मी जवळून फोटो काढला आणि संगणकाच्या पडद्यावर मोठा करून दाखवला. पडद्यावर आकडे हाताएवढे झाले. इंदूताई त्यांतल्या साताकडे बघत राहिल्या. त्या साताचा खालचा पाय तुटका होता.

त्यांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. त्या म्हणाल्या, "आबा, तुमचं बराबर हाय. ही तुमची नाय."

मग मला म्हणाल्या, "हा सात तात्यांच्या पंचातला आहे. लहानपणी माझ्या हातून तो दगडावर पडला होता. मार खाल्ला होता मी."

ठासणीच्या बंदुकांवर आकडे मारायला तात्यांकडे पंचांचा, म्हणजे पोलादी ठशांचा, एक संच होता. तो विलासदादाच्या दुकानातच असायचा. माझ्या डोक्यात उजेड पडायला क्षणभर लागला. त्यांच्या डोक्यात तो आधीच पडला होता.

"आबांना इथं बसवा. चहा द्या. आणि तुम्ही माझ्याबरोबर या," त्या म्हणाल्या. "मला एकटीनं जायचं नाही."

विलासदादा नवीन फळ्या ठोकत होता. ताई दारात उभ्या राहिल्या.

"विलास, आबाची खरी कुठाय?"

"दिली की त्यांना."

"सात तात्यांचा हाय, विलास."

त्याने हातोडी खाली ठेवली. मग तो खाली बसला आणि तोंड झाकून रडला. पुराने दुकान नेलं, पुण्याचा तो माणूस वर्षानुवर्षं मागे लागला होता, ती तुझीच होती असे कागद करून देतो म्हणाला, त्याच जातीचं एक मोडकं अडगळीत पडलं होतं, ते आबांना दिलं आणि खरी पुण्याला विकली. म्हाताऱ्याला धड दिसत नाही, त्याला काय कळणार असं वाटलं.

"उद्या सकाळी पोलीस ठाण्यात जा," ताई म्हणाल्या. "स्वतः सांग सगळं. तू आपणहून गेलास तर शिक्षा कमी होईल. नाय गेलास तर मी जाईन."

"ताई, तू बोललीस नाय तर कोणाला कळणार हाय? आबाला मी समजावतो."

"आत्ता ह्या घडीला नंबर खोडलेलं हत्यार कोणाच्या हातात हाय? आबाच्या. उद्या कोणी तपासलं तर तुरुंगात म्हातारा जाईल. तू नाय."

विलासदादाने मान वर केली. त्याचा चेहरा मला अजून विसरता येत नाही. "मी तुझ्यासाठी शाळा सोडली, ताई."

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "सकाळी उठल्याबरोबर रोज ठाऊक असतं."

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याच्या समोरच्या टपरीच्या बाकावर त्या सकाळपासून बसून होत्या. आबाही शेजारी. मीही गेलो होतो. वाटेकडे डोळे लावून त्या बसल्या होत्या. एखादी मोटरसायकल वळली की पाठ ताठ व्हायची. ऊन डोक्यावर आलं तरी विलासदादा आला नाही. मग त्या उठल्या, साडीच्या निऱ्या झटकल्या, आणि आत गेल्या.

रिव्हॉल्वर पुण्यात सापडलं. पुणेकरही अडकले. विलासदादाला जामीन मिळाला नाही. दुकानाला सील लागलं. भावकीने इंदूताईंकडे येणं-जाणं बंद केलं. वहिनीने भर रस्त्यात त्यांच्या तोंडावर म्हटलं, "भावाच्या घरात निखारा टाकलास." वहिनी पुढे निघून गेल्यावरही ताई तिथेच उभ्या होत्या, आणि एका रिक्षावाल्याने हॉर्न दिला तेव्हा भानावर आल्या.

खटला उभा राहिला तेव्हा मी फोटोंचा साक्षीदार होतो, म्हणून कोर्टात होतो. इंदूताईंनी आयुष्यभर साक्षी दिल्या होत्या. त्या दिवशीही तशीच दिली. खोलगट जागा, पुसलेला नंबर, नसलेले बाण, तुटक्या पायाचा सात. आवाज कुठेही हलला नाही. मग आरोपीच्या वकिलांनी विचारलं,

"आरोपी तुमचे कोण?"

"धाकटा भाऊ."

"तुमचं त्यांच्याशी वैर आहे?"

"नाही."

"मग सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष का देता?"

"भावाविरुद्ध देत नाही. हत्याराबद्दल देते. मला विचारलंत तर भावाबद्दलही सांगेन. त्याने माझ्यासाठी शिक्षण सोडलं. त्याच्यासारखा हात अख्ख्या जिल्ह्यात नाही. त्याने पूर येईपर्यंत एकही खोटा आकडा मारला नाही. तेही लिहून घ्या, कृपया."

न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. पिंजऱ्यातला विलासदादा खाली बघत होता.

म्हादूआबांना ओळख पटवायला बोलावलं. खरं रिव्हॉल्वर त्यांच्या हातात दिलं. आबा ते दोन्ही हातांत धरून उभे राहिले, आणि परत मागितलं तेव्हा शिपायाला थोडं ओढून घ्यावं लागलं. निकाल लागला, विलासदादाला शिक्षा झाली, आणि कोर्टाच्या हुकमाने आबांचं हत्यार त्यांच्या घरी गेलं. त्या दसऱ्याला आबा डोंगर उतरून आपट्याची पानं द्यायला पोलादपूरला आले. ताईंनी ती घेतली आणि दार लावून घेतलं.

पुढच्या थंडीत इंदूताई झोपेतच गेल्या. शेजारणीने दूध घेऊन दार वाजवलं तेव्हा कळलं. अग्नी कोण देणार यावर भावकीत कुजबुज चालली होती. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. विलासदादाला परवानगी मिळाली होती. दोन हवालदारांच्या मधून तो चालत आला, हार घातला, विस्तव घेतला. सगळं रीतसर केलं. हवालदाराने घड्याळाकडे पाहिलं तसा तो निघाला. गाडीत चढताना मला दिसला, पण ओळख दाखवली नाही. मीही हात केला नाही.

मी इंदूताईंना शेवटचं पाहिलं ते त्या जाण्याच्या काही दिवस आधी, महाडच्या एस.टी. स्टँडवर. मी मुलीला सोडायला गेलो होतो. इंदूताई अलिबागच्या गाडीची वाट बघत उभ्या होत्या. हातात पिशवी, त्यात कपडे आणि डबा. अलिबागच्या तुरुंगात भेटीच्या दिवशी त्या जातात हे मला ऐकून माहीत होतं. आणि विलासदादा भेटायला बाहेर येत नाही, हेही.

विचारावं की नाही कळेना. तरी विचारलं, "ताई, भेटतो का?"

"नाय भेटत." गाडी फलाटाला लागली. त्यांनी पिशवी खांद्याला नीट लावली. "पण तिथं नाव पुकारतात ना. विलास उतेकर, बहीण आलीय. तेवढं त्याच्या कानावर जातं."

आणि त्या पायरीवर चढल्या. कंडक्टरला अर्धं तिकीट मागताना त्यांचा आवाज मला खिडकीतून ऐकू आला.